पत्रे, बत्तीस नग

फोर्ट वेनला मार्च म्हणजे चिखल आणि रस्त्यावरचं मीठ.
बंद पडलेल्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत
दर शनिवारी मी वह्या उघडून बसते,
दहा ते एक, बिनपगारी.
भिंतीत अजून ड्रायरच्या नळ्यांची भोकं आहेत,
त्यात कोंबलेले टॉवेल,
आणि टेबलावर दॉ न्युंत यीने ठेवलेली
चहाच्या पानांची आंबट कोशिंबीर,
जिची मला सवय म्हणता म्हणता चटक लागली.

संस्थेचं नाव लांबलचक, ब्रह्मी आणि इंग्रजी.
मी नुसतं 'खातं' म्हणते.
शाळा, दवाखाना, तांदूळ. तीन रकाने.
जमेला: कारखान्यात गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या बायकांचे
वीस-वीस डॉलर,
सुपरमार्केटात सुशी वळणाऱ्या को मिन ल्विनची टिप,
एका लग्नातली न फोडलेली आहेराची पाकिटं.
खर्चाला: सर्पदंशावरचं औषध, अकरा कुप्या.
मोतीबिंदू, माणसं सहा, डोळे सात.
मी दोनदा विचारलं. सातच.

पावत्यांवर कुणाचंच नाव नाही.
लाभार्थी एक्केचाळीस. सुईण, नदीपलीकडची.
असं चालत नाही, मी सांगितलं,
नाव लागतं, सही लागते, गाव लागतं.
ती म्हणाली, नाव लिहिलं तर गाव उरणार नाही.
सरकारी फॉर्मच्या त्या चौकटीवर
मी पेन टेकवून इतका वेळ बसले
की शाईचा डाग पडला.

पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, तुझं गाव कुठलं?
रत्नागिरी, म्हटलं.
किटली हातातच राहिली तिच्या.
'यदनागिरी,' ती हळूच म्हणाली.
माझ्यासाठी तो एसटीच्या पाटीवरचा शब्द,
तिच्या शाळेच्या पुस्तकात
राजाला नेऊन टाकलं ते ठिकाण.
त्या राजवाड्याच्या पायऱ्यांवर बसून
सहलीत मी उकडलेल्या शेंगा खाल्ल्या, टरफलं तिथेच टाकली,
हे सांगायला मला दोन वर्षं लागली.
'काय दिसतं तिथून?'
खाडी. मग समुद्र. पश्चिमेला.
'म्हणजे आमच्याकडे पाठ,' ती म्हणाली
आणि राहिलेली बेरीज करायला लागली.

तर, पत्रे.
जून: शाळेसाठी पत्रे, बत्तीस नग.
ऑगस्ट: शाळेसाठी पत्रे, बत्तीस नग.
जानेवारी: पत्रे, बत्तीस नग, भाव थोडा चढलेला.
तीच शाळा, तोच दुकानदार.
माझ्या बापाने पतपेढीत तीस वर्षं
दुसऱ्यांची लबाडी पकडली.
लाल पेन्सिल आपसूक हातात आली.
'एका शाळेला छपरं असतात तरी किती?'

दॉ न्युंत यीने चष्मा काढला,
पुसला, परत लावला नाही.
'एका वेळी एकच,' म्हणाली.

मी पेन्सिल खाली ठेवली. आवाज झाला.

मग तिने चौथी पावती सरकवली, फोटोत घडीची रेघ आलेली:
काळा रंग, चार डबे.
'ऊन पडलं की नवा पत्रा चमकतो.
वरून दिसतो.
आता आत मुलं उकडून निघतात,
पण विमान पुढे जातं.'

हे कुठे टाकू?
शिक्षण, म्हणून पहिल्या रकान्यात लिहिलं.
खोडलं. आरोग्यात लिहिलं.
तेही बरोबर वाटेना.
ती तोवर कपबशा विसळत होती,
जिथे पूर्वी लोक मोजे शोधायचे त्या बेसिनमध्ये.

पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात
मी तिला न विचारता लिहिलं: पत्रे, चौसष्ट नग.
ओल्या हाताने तिने आकडा झाकला.
'असं आधीच लिहून ठेवू नये गं.'

बत्तीसच ठेवले मग.
पण पेन्सिलीने.